किकुयूतलं मरण आणि आपला 'ने'

नैरोबीत राहणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलंय: ऑफिसातली किकुयू मैत्रीण (किकुयू ही केनियातली एक भाषा आणि ती बोलणारा समाज) जेवणाच्या सुट्टीआधी 'नेंगोकुआ ने ङारागु' असं म्हणाली. कोशात 'गोकुआ' म्हणजे मरणे असं दिलंय. मग ती नक्की काय म्हणाली?

'भुकेने मरतेय', एवढंच! 'ङारागु' म्हणजे भूक. (शब्दाच्या सुरुवातीला ङ! आपल्याकडे हे अक्षर बिचारं बहुधा मुळाक्षरांतच राहतं.) पण मला खरा आनंद झाला तो मधल्या 'ने'चा. कशामुळे मरण आलं ते सांगताना किकुयूत कारणाआधी 'ने' येतो, आपल्याकडे तो कारणाच्या शेपटाला लागतो. दोन्ही भाषांचा काडीचाही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग. तरी ऐकताना अंगावर काटा येतो. वाक्याच्या सुरुवातीचा 'ने' मात्र वेगळ्या कामाचा, विधानाला ठामपणा देणारा.

रोमन लिपीत 'गोकुआ' हे क्रियापद बरेच जण 'गुकुआ' वाचतात. तिथे u वर नागमोडी रेघ असली की उच्चार 'ओ', i वर असली की 'ए'. त्या भाषेचं स्वतःचं नावही त्यामुळे 'गेकोयो' असं उच्चारलं जातं.

मूळ धातू 'कुआ'. आपला '-णे' शेवटी लागतो, त्यांचा 'को-' आधी लागतो: 'कोरुगा' म्हणजे स्वयंपाक करणे. पण पुढे लगेच क, त यांसारखा कठोर वर्ण आला की 'को'चा 'गो' होतो. संस्कृतात 'भभूव' न होता 'बभूव' (झाला) होतं, त्याच जातीची ही सोय. स्वाहिली आणि किकुयू दोन्ही आफ्रिकेतल्या बांतू भाषाकुळातल्या; स्वाहिलीतलं 'कुफा' (मरणे) याच बांतू धातूचं. तिथे क चा फ झाला, किकुयूने जुना क जपला.

आपण 'मरणे'वरून 'मारणे' करतो. किकुयूत ठार मारण्याला मात्र वेगळाच धातू आहे.

ताई, बोलताना एक जपा. 'कु'मधला उकार लांबवलात तर 'गोकूआ' होईल, आणि त्याचा अर्थ वाहून नेणे. पिशवी उचलायला मदत मागताना हा उकार आखूड झाला, तर मैत्रीण दचकेल.