आर्किटेक्टनं प्रॅक्टिस सांभाळून कॉलेजात शिकवावं का? की दोन्हीकडे अर्धवट राहतं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिस काढून पाच वर्षं झाली, एका आर्किटेक्चर कॉलेजनं आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलावलंय आणि घरचे म्हणतायत, 'शिकवायला लागलास की प्रॅक्टिस बसली म्हणून समज.' मी पुण्यात छोटं ऑफिस चालवतो आणि बरीच वर्षं व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून डिझाइनचा स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष डिझाइन करून घेण्याचा वर्ग, घेतो. तेव्हा माझं उत्तर एकतर्फी आहे हे धरूनच वाचा. बोलावलंय तर जा. फक्त पैशासाठी जाऊ नका आणि 'दोनच दिवस' यावर विश्वास ठेवू नका.

शिकवल्यानं प्रॅक्टिस बसते म्हणणाऱ्यांनी आपल्या धंद्यातली मोठी नावं काढून बघावीत. अमेरिकेतले आर्किटेक्ट लुई कान 1947 साली येल विद्यापीठात शिकवायला लागले तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली होती आणि लोकांनी बघायला जावं असं काम नावावर नव्हतं. ज्या इमारतीनं त्यांचं नाव झालं ती 1953 ची आर्ट गॅलरी, तीही येलचीच. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते अखेरपर्यंत शिकवत राहिले. अर्थात घरच्यांना कानचं उदाहरण देऊ नका. 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर ते वारले, तेव्हा ऑफिस कर्जात बुडालेलं होतं.

अहमदाबादला त्यांचं येणंजाणं होतं ते आयआयएमच्या कामासाठी आणि त्यांना तिथं आणलं अहमदाबादचे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी. तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर दोशींच्या करिअरमध्ये आहे. जन्म पुण्यातला, 1927 चा, घर फर्निचरच्या धंद्यातलं. मुंबईच्या जेजे आर्किटेक्चर कॉलेजचं शिक्षण अर्ध्यावर सोडून लंडन, तिथून पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या नामांकित आर्किटेक्टकडे, तेही पहिले आठ महिने बिनपगारी. 1954 मध्ये परतले ते कॉर्ब्युझिएच्या अहमदाबादमधल्या कामांवर देखरेख ठेवायला. मग स्वतःचं ऑफिस काढलं आणि ते जेमतेम सहा-सात वर्षांचं असताना, 1962 साली, स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू केलं. तेच आजचं सेप्ट विद्यापीठ. म्हणजे शाळेचा व्याप अंगावर घेतला तेव्हा त्यांचं ऑफिस तुमच्यापेक्षा थोडंच जुनं होतं. पहिली दहा वर्षं ते तिथं संचालक होते. त्याच दशकात अहमदाबादचा टागोर हॉल उभा राहिला, बडोद्याजवळची गुजरात फर्टिलायझरची वसाहत झाली. बंगळुरूचं आयआयएम आणि इंदूरची अरण्य वसाहत नंतरची, आणि प्रित्झ्कर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वोच्च समजला जाणारा पुरस्कार, मिळालं ते तर 2018 मध्ये.

शाळेची इमारतही त्यांचीच. कधी अहमदाबादला गेलात तर बघाच. विटांच्या समांतर भिंती, वर काँक्रीट, स्टुडिओत उत्तरेचा उजेड आणणारे तिरके झरोके आणि खाली मोकळी, सावलीची जागा. वर्ग कुठं संपतो आणि कट्टा कुठं सुरू होतो ते सांगता येत नाही. शिकवणारा माणूसच डिझाइन करत होता म्हणून ती तशी झाली, असं माझं मत आहे.

पण दोशींची सोय आपल्याला नाही. शाळाच त्यांनी काढलेली, आपण मस्टरवर सही करणारी माणसं. म्हणून मला अनंत राजे जवळचे वाटतात. मुंबईचे, जेजेतून निघालेले, दोशींकडे काम केलेले, मग फिलाडेल्फियाला कानच्या ऑफिसात. परत आल्यावर त्यांनी आयआयएमचं काम बघितलं. कान गेल्यावर ते पुढं नेलं आणि त्याच आवारात मॅनेजमेंट डेव्हलपमेंट सेंटरसारख्या स्वतःच्या इमारती केल्या. भोपाळची वनव्यवस्थापन संस्था त्यांची. सेप्टमध्ये ते वर्षानुवर्षं शिकवत होते. कामांची यादी दोशींइतकी लांब नाही आणि मराठी माणसांना हे नाव ठाऊकही नसतं, याचा मला जरा रागच येतो. दुसऱ्याचं काम त्याच्याच तर्कानं पुढं न्यायचं, वर स्वतःचंही म्हणणं मांडायचं, हे फार अवघड. स्टुडिओत दुसरं काय करतो आपण? पोराच्या शीटवर वाकायचं आणि पेन्सिल हिसकावून घ्यायची नाही.

माझ्याकडे दुसऱ्या वर्षाला बंगल्याचा विषय असतो. दर वर्षी कुणीतरी पहिल्या मजल्यावरचं टॉयलेट बरोबर दिवाणखान्यावर ठेवतं. मी एवढंच विचारतो, 'पाणी कुठून खाली येणार?' मग सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढायला लावतो. सनकन स्लॅब (टॉयलेटचे पाइप बसवायला खाली घेतलेला), बीम किती खाली येतो, खालच्या खोलीची राहिलेली उंची, सगळं त्यांच्या हातानंच कागदावर येतं. हे पुस्तकातून शिकवता येत नाही, रोज साइटवर जाणारा माणूसच लागतो. आणि उलटही होतं. 'सर, ही खिडकी इथंच का?' असं एखादी मुलगी विचारते आणि 'बरी दिसते' म्हणून भागत नाही. ऑफिसात क्लायंट बजेट विचारतो, मंजुरी कधी मिळेल ते विचारतो, खिडकी तिथंच का हे क्वचित विचारतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. व्हिजिटिंगचे तासांवर मिळतात आणि बहुतेक ठिकाणी उशिरा मिळतात. त्या पैशावर ऑफिसचं भाडं धरू नका. पुढं पूर्णवेळ जागा देऊ केली तर खासगी प्रॅक्टिसला परवानगी आहे का, हे नेमणूकपत्रात लेखी बघा. तोंडी 'चालतं हो' वर जाऊ नका.

दोन दिवसांचे तीन कधी होतात तेही आधी ओळखून ठेवा. सेमिस्टर संपत आलं की ज्युऱ्या, म्हणजे मुलांच्या डिझाइनची तोंडी परीक्षणं, लागतात आणि नेमक्या तेव्हाच, एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आत स्लॅब टाकून घ्यायची प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला घाई असते. तेव्हा ज्युरीच्या तारखा कॉलेजकडून जानेवारीतच मागून घ्या आणि स्लॅबच्या दिवशी सळई तपासायला आरसीसी कन्सल्टंटचा (स्ट्रक्चरचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरचा) माणूस साइटवर हजर राहील, हे आत्ताच ठरवून टाका.