शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) उघडतो, पण फाइल सेव्ह होत नाही?

परळच्या ऑफिसातला हिशेबाच्या फाइल्सचा शेअर लिनक्सवर उघडतो, पण त्यात सेव्ह होत नाही, असं तुम्ही विचारलंत. शेअर उघडतोय, म्हणजे पासवर्डचा दोष नाही. तो पुन्हा पुन्हा बदलत बसू नका. लिनक्सवर सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) वापरून सीआयएफएस शेअर (विंडोज पद्धतीचा शेअर) माउंट केला, म्हणजे आपल्या मशीनला जोडला, की फाइल्स बहुधा रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिन युजरच्या, मालकीच्या दिसतात. 'आयडी' (id) कमांडने स्वतःचे युजर आणि ग्रुपचे आकडे पाहा (उबंटूवर पहिल्या युजरचा सहसा 1000) आणि माउंट करताना यूआयडी (युजरचा आकडा), जीआयडी (ग्रुपचा आकडा) म्हणून तेच आकडे द्या. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

तरीही अडलं, तर सर्व्हरवर दोन गोष्टी बघा:
- त्या फोल्डरवर तुमच्या युजरला लिहायची परवानगी आहे का?
- सांबात (सर्व्हरवरून असे शेअर देणारा प्रोग्राम) शेअर 'रीड ओन्ली', म्हणजे फक्त वाचण्यापुरता, आहे का? मुद्दाम बदललं नसेल तर तो तसाच असतो.

कळकळीने सांगतो, वैतागून फोल्डरला 777 (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊ नका. हिशेबाच्या फाइल्स कुणीही पुसू शकेल.

माउंटच होत नसेल आणि एरर 13 (परवानगी नाकारली) दिसत असेल, तर मात्र आधी पासवर्ड तपासा. सांबाचा पासवर्ड सर्व्हरच्या लॉगिन पासवर्डपासून स्वतंत्रपणे सेट करावा लागतो. एनएफएसकडे (शेअर देण्याची दुसरी पद्धत) सध्या वळू नका.