खाडीकाठच्या आमच्या गावात सुरू झालेल्या छोट्या बाप्टिस्ट मंडळीत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा का देत नाहीत?

कारण बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेनुसार बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती विधी, हा येशू ख्रिस्तावर स्वतः ठेवलेल्या विश्वासाची जाहीर कबुली आहे, आणि ती कबुली आईवडिलांना बाळाच्या वतीने देता येत नाही. मी अशाच एका मंडळीचा (स्थानिक चर्चचा) सभासद असून, नव्याने येणाऱ्यांना हा भाग शिकवतो. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे जॉन स्मिथ आणि त्यांच्या इंग्रज सोबत्यांनी याच मुद्द्यावर पहिली बाप्टिस्ट मंडळी स्थापन केली. संपूर्ण बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत मात्र इंग्लंडमध्ये १६४० च्या सुमारास रूढ झाली. कोकणात भरतीचे पाणी कमरेपर्यंत आले की पाळक (मंडळीचे धर्मसेवक) एक हात पाठीशी धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याला क्षणभर पाण्याखाली नेतात व लगेच वर उठवतात. ख्रिस्तासह मरणे आणि पुन्हा उठणे, हा त्याचा अर्थ (बायबलमधील रोमकरांस पत्र, अध्याय ६). माझ्या मते हे दृश्य एकदा पाहिले की अर्धे शिक्षण तिथेच होते. याच विचारातून मंडळीची घडणही ठरते:

- श्रद्धा आणि आचरण यांबाबत बायबल हाच अंतिम अधिकार;
- पाळकाची निवड व पैशाचे निर्णय सभासदांच्या सभेत, कारण वर बिशप (अनेक मंडळ्यांवरचा धर्माधिकारी) नसतो;
- धर्माच्या बाबतीत सरकारची सक्ती नको.

बाळांना वगळले जाते असे मात्र समजू नये. पुष्कळ मंडळ्यांत त्यांच्यासाठी समर्पणाची प्रार्थना होते. प्रत्येक मंडळी स्वतंत्र असल्याने बाप्तिस्म्याचे वय आणि प्रभुभोजनाचे (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीचे) नियम तुमच्या गावातील पाळकांनाच विचारावेत.