हवामान बदलावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय फाउंडेशनच्या नव्या अध्यक्षा भारतीय वंशाच्या आहेत. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या संस्थेने निधीसाठी त्यांनाच थेट पत्र लिहावं का? अध्यक्षांच्या हातात नेमकं काय असतं?

नका लिहू. पत्र गेलं म्हणून कुणी तुमच्यावर फुली मारणार नाही, पण उत्तराची वाट बघण्यात एक अख्खं वर्ष हातचं जाईल.

खान्देशातल्या संस्थांची धर्मादाय आणि एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याची, कागदपत्रं बघणं आणि त्यांचे प्रस्ताव लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. 'थेट वरच जाऊ' हा हट्ट जळगावपासून नंदुरबारपर्यंत सगळीकडे ऐकलाय. तो येतो कुठून हेही ठाऊक आहे. साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, जिल्हा बँक, सगळीकडे आपण चेअरमनची सही म्हणजे काम झालं असंच बघत आलोय. फाउंडेशनचा अध्यक्ष तशातला नसतो.

बोर्डातलीच एक समिती त्याचं नाव सुचवते, बोर्ड त्याला ठराविक मुदतीसाठी निवडतं, मुदत संपली की तो जातो. सीईओ नेमणं, दरवर्षी त्याच्या कामाचं मूल्यमापन करणं, पगार ठरवणं आणि वेळ आली तर त्याला काढणं, हे बोर्डाचं सर्वात मोठं काम. अध्यक्ष ते घडवून आणतो. शिवाय बैठकीचा अजेंडा, बजेट, काही वर्षांची रणनीती, ऑडिट. कुणाला किती पैसे द्यायचे ही यादी कर्मचारी बनवतात. ठराविक रकमेखालचं अनुदान सीईओ स्वतःच्या अधिकारात मंजूर करतो, ते बोर्डापुढे फक्त माहितीसाठी जातं. तुमच्या संस्थेला मिळेल तेवढी रक्कम बहुतेक ठिकाणी याच मर्यादेत बसते. म्हणजे ज्या बाईंना तुम्ही पत्र लिहिणार, त्यांच्या टेबलावर तुमचं नाव मंजुरीसाठी येणारसुद्धा नाही.

अध्यक्ष म्हणून माणसं कोणती घेतात तेही बघा. अमेरिकेतलं क्लायमेटवर्क्स फाउंडेशन २००८ मध्ये ह्यूलेट, पॅकार्ड आणि मॅकनाइट या तीन फाउंडेशनच्या पैशातून उभं राहिलं. त्याच्या बोर्डाचे अध्यक्ष होते विल्यम रायली, थोरल्या बुश यांच्या काळात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख असलेले. युरोपियन क्लायमेट फाउंडेशनचे अध्यक्ष राहिलेले कायो कोख-वेझर हे जर्मनीच्या अर्थ मंत्रालयातले माजी सचिव, नंतर डॉयचे बँकेत. अशी माणसं सरकारांशी आणि मोठ्या देणगीदारांशी बोलायला लागतात. त्याच युरोपियन फाउंडेशनचं रोजचं काम २०१७ पासून लॉरेन्स तुबियाना यांनी सांभाळलं, पॅरिस करारामागे ज्यांची मेहनत होती त्या. त्यांचं पद सीईओचं. कामाचा हात कुठला आणि अध्यक्षाची खुर्ची कुठली हे यावरून समजावं.

खुर्चीवरच्या माणसाचे हात किती बांधलेले असतात याचा दाखला हवा असेल तर लंडनच्या सिफचा, म्हणजे चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनचा खटला वाचा. ही संस्था हवामानावरही भरपूर पैसा खर्च करते. क्रिस होन आणि जेमी कूपर या नवरा-बायकोने ती २००२ मध्ये काढली. दोघं वेगळे झाले तेव्हा ठरलं की कूपर यांनी सिफ सोडायचं आणि त्यांच्या नव्या संस्थेला सिफने ३६ कोटी डॉलरचं अनुदान द्यायचं. पण दोघांचाही त्यात हितसंबंध, म्हणून दोघंही बाजूला. प्रश्न कोर्टात गेला. उरलेल्या एकाच सदस्याने मत कसं द्यायचं यावर ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण चाललं आणि २०२० मध्ये निकाल लागला. ज्यांनी संस्था काढली त्यांनाच त्यातून चेक फाडता आला नाही. आपल्याकडचा माणूस म्हणून तुमच्या अध्यक्षाबाई तुमच्यासाठी शब्द टाकतील, ही आशा सोडा. उलट भारतीय वंशाच्या असल्यामुळे त्या जास्त सांभाळून राहतील.

आता ज्या प्रकरणामुळे हे उत्तर लिहायला बसलोय ते सांगतो. साक्री तालुक्यातली एक संस्था. काम होतं पांझरेवरच्या जुन्या फड बंधाऱ्याची डागडुजी आणि कालव्यातला गाळ काढणं. काम सोन्यासारखं. बंधाऱ्यावरून पाणी आपल्या उताराने कालव्यात येतं, मोटर लागत नाही, वीज लागत नाही. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाटकरी पाळीने पाणी देतो, जागल्या राखण करतो. काही शे वर्षं चालत आलेली व्यवस्था. संस्थेच्या नानांनी परदेशी फाउंडेशनच्या अध्यक्षांना तीन पानी पत्र धाडलं, सोबत शाल-श्रीफळाचे फोटो आणि आमदारांची शिफारस. म्हणणं एकच: "चेअरमनले भेटा, काम व्हई जाई."

अध्यक्षांच्या कार्यालयाने रीतीप्रमाणे केलं. पत्र कार्यक्रम अधिकाऱ्याकडे, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, ढकललं आणि आपला या अर्जाशी संबंध नाही अशी नोंद करून घेतली. कार्यक्रम अधिकारी चांगला निघाला, त्याने कागदपत्रं मागवली. सगळा कस तिथेच लागला. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ च्या, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर अध्यक्ष म्हणून जे नाव होतं ते गृहस्थ केव्हाच वारले होते. बदल अहवाल दाखलच नव्हता. एफसीआरएच्या नोंदीत मुख्य पदाधिकारी तिसराच. बँकेत सह्या चौथ्याच्या. आणि सात जणांच्या कार्यकारिणीत पाच एकाच घरातले, त्यात नानांची सून खजिनदार. अधिकाऱ्याने बंधाऱ्याबद्दल एक ओळही विचारली नाही. फाइल बंद.

नाना आजही म्हणतात की शिफारस मंत्र्याची असती तर झालं असतं. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: नाना, त्यांचं बोर्ड बघत बसू नका, त्यांनी तुमचं बोर्ड बघितलं. पैसा देणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं की उद्या पैसे अडकले तर जबाबदार कोण, आणि खजिनदार अध्यक्षाला 'नाही' म्हणू शकतो का. सून सासऱ्याला म्हणणार आहे? घरातली माणसं प्रामाणिक असतील, असतातही. कागदावर ते दिसत नाही.

तेव्हा तुम्ही आधी हे करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडून आजच द्या, कारण जुना बदल मंजूर झाल्याशिवाय पुढचे सगळे अडकतात. मग परिशिष्ट १, एफसीआरए पोर्टल, पॅन आणि बँक या चार ठिकाणची नावं एका कागदावर समोरासमोर लिहून काढा. आधारावर 'पाटील भिकन दगा' आणि ठरावात 'भिकनराव डी. पाटील' असेल तर तेही दुरुस्त करा. आपल्याकडे हा घोळ हमखास असतो.

एफसीआरए नसेल तर कितीही मोठा अध्यक्ष ओळखीचा असला तरी रुपया येणार नाही. २९ सप्टेंबर २०२० पासून कायदा बदलला. आधी दिल्ली-मुंबईची मोठी संस्था परदेशी पैसा घेऊन त्यातला हिस्सा तुमच्यासारख्यांना देऊ शकायची. कलम ७ ने ते पूर्ण बंद केलं. खान्देशातल्या लहान संस्थांचा गळा तिथे आवळला गेला, आणि बोर्डात कोण बसलंय यापेक्षा ही गोष्ट तुमच्यासाठी दहापट महत्त्वाची आहे. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला लागतो. तेवढं नसेल तर ठराविक देणगीदार आणि ठराविक रकमेसाठी पूर्वपरवानगीचा रस्ता आहे, त्याला देणगीदाराचं वचनपत्र लागतं. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नाही. मोठ्या संस्थेकडून 'सल्लागार फी' या नावाने हिस्सा घ्यायचं कुणी सुचवेल. घेऊ नका, देणाऱ्या संस्थेची नोंदणी जाऊ शकते आणि तुम्हीही अडचणीत याल.

कुणाला लिहायचं? अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनला दरवर्षी ९९०-पीएफ हा फॉर्म जाहीर करावा लागतो, त्यात दिलेलं प्रत्येक अनुदान नाव आणि रकमेसह असतं. गेल्या तीन वर्षांचे फॉर्म काढा, भारतातली नावं बाजूला करा, कोणत्या विषयाला पैसे गेले ते बघा. बहुतेक पैसा वीज, वाहतूक, उद्योग यांच्या उत्सर्जनावर जातो. पाणी आणि शेतीवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. याचा मला राग आहे, आणि त्या बोर्डांवर कोरडवाहू शेती बघितलेलं माणूस सहसा नसतं हे त्याचं एक कारण आहे असं माझं ठाम मत आहे. पण रणनीतीत नसलेल्या कामाला अधिकारी इच्छा असूनही पैसे देऊ शकत नाही. जुळत असेल तर त्या विषयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला दोन पानी टिपण पाठवा: किती हेक्टर, किती खातेदार, मोटर चालवावी लागली असती तर किती युनिट वीज, काम झाल्यावर पाटकऱ्याचा पगार कोण देणार. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात आणि अधिकारी पहिला तोच विचारतो. बोर्डाच्या बैठका वर्षात तीन-चार होतात आणि कागदं कित्येक आठवडे आधी बंद होतात, म्हणून पुढची तारीख विचारून घ्या.

दोन गोष्टी राहिल्या. देणगीदार स्वतःच अध्यक्ष असेल तिथे वरचं सगळं तंतोतंत लागू नाही. बेझोस अर्थ फंडात २०२० मध्ये १० अब्ज डॉलरचा शब्द देणारे जेफ बेझोस स्वतःच वर बसलेत, तिथे कल त्यांचाच चालतो. पण तिथेही अनोळखी पत्र शेवटी कर्मचाऱ्यांकडेच येतं. आणि ग्रीन क्लायमेट फंड हे फाउंडेशन नव्हे, तो देशांनी मिळून उभा केलेला हवामान निधी आहे. त्याच्या २४ जणांच्या बोर्डात निम्मे विकसित आणि निम्मे विकसनशील देशांचे, सहअध्यक्ष दोन. भारतात तो पैसा नाबार्डसारख्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच येतो. त्याच्यासाठी पुण्याला नाबार्डच्या प्रादेशिक कार्यालयात जा, आणि जाताना परिशिष्ट १ चा ताजा उतारा सोबत ठेवा.