वाचक विचारतात : सिंधुदुर्गातली माणसे, ग्रामसभा आणि वहाळाचे पाणी

प्रश्न : आमच्या वाडीत दर वर्षी दोन-तीन नवी घरे उठतात. तरी जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटलेली दिसते. आकडे चुकले आहेत का? (मालवण तालुका)

आकडे बरोबर आहेत. २००१ साली जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसे होती, २०११ साली ८,४९,६५१. दहा वर्षांत १९,१७४ कमी. घर आणि माणूस यांची मोजणी वेगवेगळी होते. कुलूपबंद घर घरयादीत येते, पण त्याचा मालक डोंबिवलीत किंवा विरारला मोजला जातो. बापये मुंबईला गेले की मागे उरणाऱ्यांत बायका जास्त, म्हणूनच जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया नोंदल्या गेल्या, तेव्हा राज्यात ते प्रमाण ९२९ होते.

२०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. तेव्हा ना गणपती, ना मे महिना, त्यामुळे चाकरमानी मुंबईतच होते. शिवाय नियम असा की गणनेचे सगळे दिवस जो घराबाहेर असेल, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर मुंबईला गेलेली आजी त्या यादीत मुंबईकर झाली. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. गावात बारमाही राहणाऱ्यांनी त्या फेब्रुवारीत गावाबाहेरची लांबची कामे ठेवू नयेत.

कारण लोकसंख्येवर बरेच काही अवलंबून असते. १,५०० पर्यंत वस्ती असेल तर ग्रामपंचायतीत ७ सदस्य, १,५०१ ते ३,००० असेल तर ९. म्हणजे १,५२० चे गाव १,४८० वर आले की दोन सदस्य गेले, आणि प्रभागांची फेरमांडणी झाली की फटका बसतो तो सड्यापलीकडच्या (सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार) एकट्या वाडीला. वित्त आयोगाच्या निधीतला वाटाही मुख्यतः लोकसंख्येवरच ठरतो. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीपैकी ६० टक्के बंधित होता, फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. माणसे कमी नोंदली गेली की नळयोजनेच्या दुरुस्तीचे पैसेही कमी.

प्रश्न : गावच्या घराची घरपट्टी मी नेमाने भरतो, पण राहतो ठाण्यात. ग्रामसभेत मत देता येईल का?

नाही. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसे. नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, नाव असल्याने कर भरण्याची जबाबदारी येते, मताचा हक्क येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० मध्ये स्पष्ट लिहिले आहे की केवळ घराची मालकी म्हणजे सर्वसाधारण रहिवास नव्हे. दोन्हीकडे नाव ठेवणे तर गुन्हाच. तुमचे म्हणणे लेखी अर्जाने ग्रामपंचायतीकडे द्या, पोच घ्या, आणि गावातल्या एखाद्या मतदाराला तो विषय सभेत मांडायला सांगा.

गणपूर्तीचा हिशोबही गावातल्यांना सांगून ठेवा. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसे लागतात. ६४० मतदारांच्या गावात ९६, १,२०० च्या गावात १०० पुरतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि नेमके तिथेच पाच-पंधरा माणसांत मोठे ठराव होऊन जातात. म्हणून त्यांना पहिल्याच सभेला जायला सांगा.

प्रश्न : जिल्ह्याचे मुख्यालय कोणत्या तालुक्यात येते? मालवण की सावंतवाडी? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

दोन्ही नाहीत. मुख्यालय ओरोस, म्हणजे सिंधुदुर्गनगरी, आणि ते कुडाळ तालुक्यात आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला. तालुके आठ : देवगड, मालवण, वेंगुर्ले, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वैभववाडी, दोडामार्ग. पहिल्या तिघांनाच समुद्रकिनारा आहे.

प्रश्न : एवढा पाऊस पडूनही एप्रिलमध्ये आमच्या विहिरी तळाला जातात. वहाळात (ओढ्यात) पिशव्यांचा बांध घातला, तोही वाहून गेला. काय चुकले? (देवगड तालुका)

पाणी जाते ते जांभ्यामुळे. हा दगड सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून खाली झिरपतो, चिकण थरावर अडतो आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडून वहाळातून खाडीला मिळतो. सह्याद्री ते समुद्र हे अंतरच थोडे, त्यामुळे झरे आटले की मागून भर घालणारे काही उरत नाही. बांधाचे काम एवढेच : उतरते पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला जितके दिवस धरता येईल तितके धरायचे.

वेळ महत्त्वाची. परतीचा पाऊस संपला, प्रवाह मंदावला पण वाहतो आहे, अशा वेळी, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, बांध घाला. जानेवारीत घातलात तर अडवायला पाणीच नसते.

२० फूट रुंद वहाळात ३ फूट उंचीचा बांध घालायचा तर तळाशी ६ फूट आणि माथ्याला २ फूट रुंदी धरा. सिमेंटच्या रिकाम्या सुमारे ३०० पिशव्या लागतील. फाटक्या निघतात म्हणून ३३० जमवा. पिशवी दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलेली पिशवी गोल राहते, शेजारणीला चिकटून बसत नाही आणि मधून पाणी पळते. आत नुसती वाळू नको, माती हवी, आणि ती वहाळाच्या काठाची उकरू नका, काठच ढासळतो. तोंड सुतळीने शिवून पिशव्या विटांसारख्या सांधामोड करून रचा.

बहुतेक बांध वाहतात ते तळातून. खालची वाळू आणि सुटे गोटे कडक थर लागेपर्यंत काढावेच लागतात, नाहीतर पाणी खालून वाट काढते आणि बांध बसतो. दोन्ही काठांत दीड फूट खाच खणून पिशव्या आत घुसवा. मधोमध चार-पाच फूट माथा अर्धा फूट खाली ठेवा. जादा पाणी तिथून सांडेल, काठ कातरणार नाही.

काम काढण्यापूर्वी काठच्या जमीनमालकांची आणि ग्रामपंचायतीची संमती घ्या. उन्हाने पिशव्या एका हंगामात कुजतात, म्हणून मेअखेरीस बांध सोडवून त्या गोळा करायलाच हव्यात. तशाच राहिल्या तर पहिल्या पुरात खाडीत उतरतात आणि रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, जाळ्यात येतात.