धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झाली, तरी सातव्या महिन्यात डांग्या खोकल्याची लस कशाला? आणि जन्मल्या दिवशीच बाळाला सुई टोचायची घाई का?

ताई, मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो आणि बहुतेक वेळा तो सासूबाईंचा असतो!

डांग्या खोकल्याची लस मुख्यतः बाळासाठी आहे. मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर आठवडेच्या आठवडे ढास लागते, इतकंच. पण दोन महिन्यांच्या आतलं बाळ कधीकधी खोकतही नाही, एकदम श्वास थांबतो आणि निळं पडतं. त्याची स्वतःची लस सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होते. तोवर त्याला आधार फक्त वारेतून मिळालेल्या तुमच्या अँटिबॉडीजचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचा. लस घेतल्यावर त्या तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्या बाळाकडे सगळ्यात जास्त जातात. म्हणून ही लस, म्हणजे टीडॅप, २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान देतात. त्यात धनुर्वात आणि घटसर्पही येतात. टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, नुकतंच झालं असलं तरी चालतं. पुढच्या गरोदरपणात मात्र पुन्हा घ्यावी लागेल, कारण अँटिबॉडीज ओसरतात. दंड दुखेल, क्वचित कणकण येईल.

फ्लूचं इंजेक्शन कोणत्याही महिन्यात चालतं. नाकात मारायचा फवारा नको, त्यात जिवंत विषाणू असतो. त्याच कारणासाठी गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लसही आता नाही. राहिली असेल तर बाळंतपणानंतर घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते.

आता जन्मल्या दिवशीची सुई. हिपॅटायटिस बीची लस २४ तासांच्या आत द्यायची, कारण जन्मताना आईकडून लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांमध्ये ती कायमची राहू शकते आणि पुढे यकृत खराब करते. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हणून ती टाळू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाला लागण आहे का, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, दिली तर काही आठवड्यांनी दंडावर बारीक फोड येतो, कधी फुटून पूही येतो. लोक घाबरतात, पण ते अपेक्षितच असतं. तो पिळू नका, वर काही लावू नका. काखेत मोठी गाठ आली तर तेवढी डॉक्टरांना दाखवा.