व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘पीएलझेड’ (प्लीज), ‘टीएनएक्स’ (थँक्स) हे चुकीचं इंग्रजी आहे का?

तुमचं मालवणात होमस्टे आहे, पाहुण्यांना असं लिहिता आणि कॉलेजातली मुलगी ‘चुकीचं आहे’ म्हणून डोकं खाते.

ती अर्धीच बरोबर आहे. शुद्ध इंग्रजी ठरवणारी फ्रेंचांसारखी अकादमी इंग्रजांकडे नाहीच. कोशवाले लोकांचा वापर बघून नोंद करतात. ‘ओएमजी’ (ओह माय गॉड) ऑक्सफर्डच्या कोशात २०११ साली आलं, पण त्याचा दाखला १९१७चा, ब्रिटिश नौदलाच्या अ‍ॅडमिरल फिशरनं चर्चिलला लिहिलेल्या पत्रातला! तेव्हा सगळं खापर मोबाइलवर नको. (एसएमएसच्या १६० अक्षरांच्या मर्यादेमुळे काटछाट बोकाळली, हेही खरं.)

प्रश्न शुद्धतेपेक्षा समोर कोण आहे याचा. दरवर्षी येणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाला ‘टीएनएक्स’ खुशाल पाठवा. नवा पाहुणा, बँक, किंवा पैशांचा मामला असेल तर पूर्ण लिहा. विशेषतः तारखा. ‘टुमॉरो’चं ‘टीएमआरडब्ल्यू’ करून रात्री साडेबाराला पाठवलंत, तर माणूस कुडाळला नक्की कुठल्या दिवशी उतरणार? सरळ ‘१४ मे, बुधवार, दुपारी १२ नंतर’ असं लिहा. अ‍ॅडव्हान्सचंही तसंच, ‘२के’ नको, ‘२,००० रुपये’.

आणि अख्खा मेसेज कॅपिटलमध्ये टाकू नका, वाचणाऱ्याला दटावल्यासारखं वाटतं.